बोनेअरच्या प्रवाळात एक आठवडा: नव्या स्कुबा डायव्हरसाठी सविस्तर मार्गदर्शक

ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कुबाचं पहिलं प्रमाणपत्र, नुकतंच हातात पडलंय, लॉगबुकात मोजक्याच डाइव्ह आहेत आणि कॅरिबियनला जायचं घाटतंय. अशा वेळी कुठलं बेट निवडावं असं कोणी विचारलं तर मी बोनेअरचं नाव घेतो. मेक्सिकोच्या कोझुमेलला प्रवाह जोरदार असतो. तिथे बोटीतून उतरायचं, पाणी नेईल तसं वाहत जायचं आणि गटाचा वेग सांभाळायचा. केमन बेटांवरचे कडे सरळ काळोखात उतरतात, आणि नवखा माणूस खाली बघता बघता कधी पंचवीस मीटरवर पोचला हे त्याचं त्यालाच कळत नाही. बोनेअरच्या पश्चिम किनाऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. काठावरून चालत पाण्यात शिरायचं, वाळूच्या उथळ पट्ट्यावरून थोडं पोहायचं, साधारण आठ-दहा मीटरवर रीफची, म्हणजे प्रवाळाच्या रांगेची, कड लागते आणि तिथून पुढे उतार सुरू होतो. सगळ्यात सुंदर भाग बहुतेक ठिकाणी वरच्या पंधरा मीटरमध्येच असतो.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण 80 किलोमीटर उत्तरेला असलेलं हे छोटं बेट 2010 पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे. चलन मात्र अमेरिकी डॉलर. भोवतालचा समुद्र 1979 पासून सागरी उद्यान आहे: भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत सगळं संरक्षित. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने नावं लिहिलेले दगड दिसतात. प्रत्येक दगड म्हणजे एक डाइव्हची जागा. टाक्या गाडीत टाकायच्या, आवडेल त्या दगडापाशी थांबायचं आणि उतरायचं. बरोबर गाइड हवाच अशी सक्ती नाही.

नव्या डायव्हरची गोची नेमकी या मोकळेपणात आहे. हवेचा हिशेब, वेळ, दिशा, परत फिरायचा निर्णय, सगळं तुमच्या आणि तुमच्या जोडीदाराच्या गळ्यात. म्हणून या लेखात जागांच्या याद्यांपेक्षा हे निर्णय कसे घ्यायचे यावर जास्त भर आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्या सहलीत खोल जाण्याचा आणि रोज नवी जागा गाठण्याचा हव्यास सोडा. एकाच रीफवर तीनदा गेलात तरी चालेल.

कार्ड, सराव आणि डॉक्टर

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पर्यटक म्हणून केलेली डाइव्ह इथे कामाची नाही. त्या वेळी प्रशिक्षकाने तुम्हाला मागून धरलेलं असतं आणि बीसीडीची, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटाची, बटणंही तोच दाबत असतो. बोनेअरला भाड्याने टाकी मिळवायची तर प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ओपन वॉटर कोर्समध्ये थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. तो तारकर्लीच्या एमटीडीसीच्या प्रशिक्षण केंद्रात करता येतो, अंदमानात स्वराज द्वीपला करता येतो, कर्नाटकात मुर्डेश्वरला नेत्राणीच्या पाण्यातही करता येतो. मुलांना दहा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्युनियर कार्ड मिळतं. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची 30.

थिअरी आणि तलाव घरी उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह सुटीत करायच्या, असाही एक मार्ग आहे. कागदोपत्री तो सोयीचा वाटतो, पण सहलीचे पहिले दोन दिवस परीक्षेत जातात. कोर्स आधीच संपवून जावं. कार्डाची मुदत संपत नाही, पण हाताची सवय सुटते. शेवटची डाइव्ह होऊन सहा महिने ते वर्ष उलटलं असेल तर निघण्याआधी तलावात एक रिफ्रेशर घ्या. मास्क पाण्याने भरून पुन्हा रिकामा करणं, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) तोंडातून काढून शोधणं आणि तळ न गाठता एका जागी तरंगत राहणं, एवढं जमलं की पुरे.

वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. दमा, मधुमेह, हृदयविकार, फिट, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती घरूनच घेऊन जायची. बेटावर पोचल्यावर ‘हो’ला खूण केलीत तर दुकानदार टाकी देणार नाही. ‘नाही’ला खोटी खूण केलीत तर धोका तुमच्या फुप्फुसांना. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना त्यात जास्तीचे प्रश्न असतात. गरोदरपणात डाइव्ह करायचीच नाही.

विमाही वेगळा लागतो. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कुबा बरेचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. डॅनसारख्या डायव्हर्सच्या संस्थेचा विमा घेतलात तर रिकम्प्रेशन चेंबरमधले (डाइव्हनंतरच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची बंद खोली) उपचार आणि दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला असतो. बोनेअरच्या रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर आहे. नव्या डायव्हरसाठी हे बेट सुचवण्याचं तेही एक कारण.

कधी जायचं, कसं पोचायचं

बोनेअर चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं. म्हणून बाकीचं कॅरिबियन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आभाळाकडे बघत असतं तेव्हाही इथे डायव्हिंग चालू असतं. अगदी निर्धास्त राहू नये. 1999 च्या नोव्हेंबरात लेनी वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे उलट्या दिशेने गेलं आणि त्याच्या लाटांनी इथल्या उथळ रीफची धूळधाण केली. एरवी वारा पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनारा शांत राहतो. पाणी फेब्रुवारीत 26 अंशांच्या आसपास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 29 च्या घरात. डिसेंबर ते एप्रिल गर्दी आणि चढे भाव. मे-जून मला सगळ्यात बरे वाटतात.

खास डायव्हिंगसाठी मुंबईहून थेट एवढा पल्ला गाठावा का? माझ्या मते नको. त्या पैशांत अंदमान किंवा मालदीव दोनदा होईल, आणि हिंद महासागरात प्रवाळाच्या जातीही कितीतरी जास्त आहेत. पण तुम्ही अमेरिकेत राहत असाल, किंवा मुलाकडे-मुलीकडे सहा महिने गेला असाल, तर गणित बदलतं. मायामी, अटलांटा, ह्यूस्टन, न्यूअर्क इथून थेट विमानं असतात, मात्र काही फक्त ठरावीक वारीच. युरोपातून यायचं तर अ‍ॅमस्टरडॅमहून.

व्हिसाचं प्रकरण तिकिटाआधी निस्तरा. भारतीय पासपोर्टवर नेदरलँड्सच्या कॅरिबियन भागाचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेन देशांचा रहिवासी परवाना किंवा वैध व्हिसा असणाऱ्यांना बरेचदा सूट मिळते, पण नियम बदलत राहतात, म्हणून नेदरलँड्स सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. आणि अमेरिकेत कामाच्या, म्हणजे एच-वन-बी, व्हिसावर असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पासपोर्टमधल्या अमेरिकी व्हिसाच्या स्टँपची मुदत संपली असेल तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला मिळणारी सवलत तुम्हाला कॅरिबियन बेटांना लागू होत नाही. बोनेअरला जाल झोकात, परतताना मात्र आधी अमेरिकी वकिलातीची वारी करावी लागेल.

निघण्याआधी दोन गोष्टी ऑनलाइन भरायच्या: पर्यटक प्रवेश कर आणि सागरी उद्यानाचं शुल्क. प्रवेश कर मोठ्यांना 75 डॉलर आणि उद्यानाचं शुल्क 40 डॉलर असं धरून चाला, नेमका आकडा भरताना बघा. उद्यानाचं शुल्क स्टिनापा ही संस्था घेते, ते त्या कॅलेंडर वर्षापुरतं चालतं आणि त्याची पावती डाइव्हच्या दुकानात विचारली जाते. फोनमध्ये जपून ठेवा.

सामान: काय स्वतःचं, काय भाड्याचं

स्वतःचा मास्क हवाच. चेहऱ्याला नीट न बसणारा मास्क अख्खी सहल नासवतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. चष्मा असेल तर नंबरच्या काचा लावून घ्या.

दुसरी विकत घ्यायची वस्तू म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. इथे दिवसाला तीन डाइव्ह सहज होतात, तेव्हा दाबाखाली अंगात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब तोंडी ठेवता येत नाही. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही, ज्याचा त्याने मनगटावर बांधायचा. तिसरी वस्तू जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स (पायाला लावायचे पंख), कारण किनारा मऊ वाळूचा नाही. चौथी, फुगवून वर सोडायचा सिग्नल ट्यूब आणि शिट्टी. वरून बोटी जातात, आणि काठापासून लांब वर आलात तर पाण्यातलं डोकं कोणाला दिसत नाही.

बीसीडी, रेग्युलेटर आणि टाकी भाड्याने घ्या. तीन मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकांना पुरतो. तिसऱ्या डाइव्हला कुडकुडणाऱ्यांनी टोपीही घ्यावी. हातमोजे आणू नका, इथे बंदी आहे. मोजे घातले की माणूस बिनदिक्कत प्रवाळ धरतो, असा त्यामागचा हिशेब, आणि तो खरा आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीनही 2021 पासून बंद आहे. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घातला की तो प्रश्नच मिटतो.

कॅमेऱ्याबद्दल: पहिले तीन दिवस तो खोलीवर राहू दे. नवा डायव्हर कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालतो तेव्हा त्याचे फिन्स प्रवाळावर आपटत असतात, हवेचा काटा खाली येत असतो आणि जोडीदार कुठे गेला याचा पत्ता नसतो.

चार्जरसाठी अमेरिकी पद्धतीची पिन लागते, वीज 127 व्होल्टची.

गाडी, मुक्काम, जेवण

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक. त्यात टाक्या उभ्या ठेवायला लाकडी कप्पे असतात. बरेच ट्रक गिअरचे असतात, तेव्हा अमेरिकेत राहून क्लच विसरलेल्यांनी बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि रस्त्यात मध्येच गाढवं उभी असतात. हॉर्न वाजवून ती हलत नाहीत.

तुम्ही पाण्याखाली असताना गाडीतून वस्तू जातात, आणि हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. पासपोर्ट, फोन, पाकीट खोलीवर ठेवा. गाडीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि जुनी चप्पल, बस. काचा खाली आणि दारं उघडी ठेवून जायचा रिवाज आहे, म्हणजे कोणी निदान काच तरी फोडत नाही. किल्ली साधी धातूची असेल तर बीसीडीच्या खिशात क्लिपला अडकवा. रिमोटची असेल तर पाणी न शिरणारी डबी लागेल.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून आलेलं असतं आणि बेधडक पिता येतं. मोठ्या सुपरमार्केटात डाळ-तांदूळ, भाज्या, दही मिळतं. बाहेर खायचं तर मक्याच्या पिठाची फुंची, तळलेली केळी, बकऱ्याचा रस्सा. सुरिनामी जेवण दिसलं तर शाकाहाऱ्यांनी सोडू नका. एकोणिसाव्या शतकात भोजपुरी मुलखातून सुरिनामला गेलेल्या मजुरांची रोटी-भाजी आहे ती, जिभेला लगेच ओळख पटते.

पहिला दिवस

विमानातून उतरल्या उतरल्या पाण्यात उडी मारायची नाही. झोप काढा, भरपूर पाणी प्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्हच्या दुकानात कार्ड, वैद्यकीय कागद आणि उद्यानाची पावती दाखवायची. मग उद्यानाच्या नियमांची माहिती आणि दुकानासमोरच्याच पाण्यात एक ओळखीची डाइव्ह. ती सक्तीची आहे. अनुभवी लोक कुरकुरतात. नव्यांनी मात्र ती निगुतीने करावी, कारण वजन ठरवायची हीच संधी आहे.

वजन असं ठरवा. टाकीत 50 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, बीसीडी पूर्ण रिकामा करून, नेहमीसारखा अर्धा श्वास धरून उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. टाकी भरलेली असताना चाचणी करत असाल तर दोन किलो जास्त धरा, कारण अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत गेली की तेवढी हलकी होते आणि शेवटी पाच मीटरवर तुम्हाला वर ढकलू लागते. नव्या डायव्हरच्या कमरेला बहुधा गरजेपेक्षा दोन-तीन किलो शिसं जास्तच असतं. ते झाकायला तो बीसीडीत हवा भरतो, मग पाय खाली लोंबतात, मग फिन्स वाळू उडवतात आणि हवा दुप्पट वेगाने संपते. जास्तीचं शिसं उतरवलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिल्या एक-दोन दिवसांसाठी गाइडचे पैसे मोजा. त्याला ‘मासे दाखवा’ म्हणू नका. ‘उतरणं, दिशा ठेवणं आणि परत येणं आमच्याकडून करून घ्या’ असं सांगा.

काठावरून उतरायचं कसं

बोनेअरच्या डाइव्हमध्ये दुखापती खोल पाण्यात कमी आणि गुडघाभर पाण्यात जास्त होतात. किनारा चुनखडीचा, धारदार, मधूनच मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा. पाठीवर पंधरा-वीस किलोंचं ओझं आणि खाली गोटे.

गाडी लावल्यावर आधी नुसते काठावर जा आणि पाच मिनिटं उभे राहा. लाटा कुठे फुटताहेत, आत जायला वाळूची फट कुठे आहे, दुसरे डायव्हर कुठून बाहेर येताहेत? पाण्यात तरंगणारा बोया कुठल्या बाजूला झुकलाय? तो झुकलाय तिकडे प्रवाह चाललाय. लाटा गुडघ्याच्या वर असतील तर ती जागा सोडा आणि दुसरा दगड गाठा. पिवळे दगड साठाच्या वर आहेत, हट्ट कशाला.

सामान गाडीच्या मागच्या फळीवर बसूनच चढवा. टाकी उघडल्यावर काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. काटा खाली-वर डुगडुगला तर टाकी पूर्ण उघडलेली नाही. जोडणीतून हवा सुसू करत असेल तर रबराची ओ-रिंग बदला. ही काही पैशांची रिंग नसली तर अख्खी दुपार वाया जाते, म्हणून दोन-चार जवळ असू द्या. मग एकमेकांची तपासणी: बीसीडी भरतो का, वजनाचा पट्टा कुठून सुटतो, दुसरा रेग्युलेटर कुठे अडकवलाय.

पाण्यात शिरताना बीसीडी अर्धा फुगवलेला, मास्क चेहऱ्यावर, रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात. जोडीदाराच्या खांद्याला धरून, पाय न उचलता, घसटत पुढे जा. तळवा आधी चाचपायचा, मग त्यावर भार द्यायचा. कमरेएवढं पाणी आलं की झोपा, तरंगा, आणि तरंगतच फिन्स चढवा. उभ्याने एका पायावर फिन चढवायला गेलेला माणूस पडतोच.

बाहेर येताना उलट क्रम, पण एक गोष्ट विसरू नका: कोरड्या जमिनीवर पाय पडेपर्यंत रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. लाटेने पाडलं तर रांगत या, लाज वाटून घेऊ नका. इथे सगळेच रांगतात.

हवेचा हिशेब

नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी 11 लिटरची, 200 बारला भरलेली, म्हणजे साधारण 2200 लिटर हवा. समजा तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेता. 12 मीटरवर दाब 2.2 पट, तेव्हा खर्च मिनिटाला 44 लिटर. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला साडेसोळाशे लिटर उरतात, म्हणजे 37-38 मिनिटं. तीच टाकी 18 मीटरवर तीस मिनिटांत संपते. सहा मीटर वर राहिल्याने सात-आठ मिनिटं फुकट मिळतात, वर रंगही जास्त दिसतात. नवख्यांचा खर्च 25 लिटरच्या पुढेही जातो, तेव्हा हा आकडा स्वतःच्या लॉगबुकावरून काढा.

नियम साधे ठेवा. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे परतताना पाणीच तुम्हाला आणतं. दोघांपैकी ज्याची हवा कमी, त्याच्या काट्यावर डाइव्ह चालते. त्याचा काटा 120 बारला आला की वळायचं. परतीची वाट थोडी उथळ, आठ-दहा मीटरवरून. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. इथे ते आपोआप होतं, कारण काठाकडे जाताना वाळूचा पट्टा त्याच खोलीवर असतो. तिथे बघायलाही खूप असतं: वाळूत अर्धे पुरलेले चपटे मासे, बारीक ईल. वर येताना वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको.

आत जातानाच खुणा पाठ करा. रीफची कड कुठे लागली, तिथे कुठला ठळक प्रवाळ किंवा बोयाचा दोर आहे, खोली किती. परतताना ती खूण चुकली की माणूस भलत्याच ठिकाणी वर येतो आणि मग धारदार काठावर पोहत वाट शोधत बसतो.

बऱ्याच दुकानांत नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, साध्या हवेच्याच भावात मिळतो. त्याचा छोटा कोर्स पहिल्या दोन दिवसांत करून टाकावा. दिवसाला तीन डाइव्ह करताना नायट्रोजन कमी साठतो. मात्र टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजायचा आणि वहीत सही करायची. ‘त्याने मोजलाय’ हे चालत नाही.

कुठल्या जागा, कुठल्या क्रमाने

सुरुवात क्रालेनडाइक गावाच्या आसपास करा. बारी रीफ माशांच्या विविधतेसाठी प्रसिद्ध आहे आणि काठावरच्या रिसॉर्टांच्या धक्क्यांवरून शिडीने उतरता येतं. विमानतळाजवळचं विंडसॉक आणि थोडं दक्षिणेचं बॅचलर्स बीच याही सोप्या जागा. पहिले दोन-तीन दिवस एवढ्यावरच काढा.

मग सॉल्ट पिअर. मिठागरांचं मीठ जहाजांत भरायचा धक्का आहे तो. खांबांना स्पंज आणि प्रवाळ चिकटलेले, खांबांमधून तिरपी ऊन्हं येतात आणि माशांचे थवे सावलीत स्थिर उभे असतात. खोलीही बेताची. जहाज धक्क्याला लागलेलं असेल तर उतरायला मनाई आहे, म्हणून गाडीतूनच बघून ठरवा.

उत्तरेला ‘वन थाउजंड स्टेप्स’. पायऱ्या साठ-सत्तरच आहेत, पण टाकी पाठीवर घेऊन चढताना नावावर विश्वास बसतो. जाताना पाणी बरोबर न्या. क्लाइन बोनेअर हे समोरचं निर्मनुष्य बेट फक्त बोटीने. एखादा दिवस बोटीचा ठेवाच, काठाच्या खडकांपासून गुडघ्यांना सुटी मिळते.

हिल्मा हूकरचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. 72 मीटर लांबीचं हे मालवाहू जहाज गांजाच्या तस्करीत सापडलं आणि 1984 च्या सप्टेंबरात इथे बुडालं. आता 30 मीटरवर कुशीवर पडलंय, आणि त्याचा सगळ्यात वरचा भागही 18 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ओपन वॉटरवाल्याची मर्यादा संपते तिथे ते सुरू होतं. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करायचा असेल तर त्यातली खोल डाइव्ह प्रशिक्षकाबरोबर इथे करा. एरवी शेजारच्या एंजल सिटी रीफवर जा. जहाज कुठे जात नाही.

दक्षिण टोकाच्या जागांना प्रवाह जोरदार असतो आणि पूर्व किनाऱ्यावर लाटा. दोन्ही या सहलीत नको.

रीफवर काय बघायचं, कसं वागायचं

हात छातीशी, शरीर आडवं, गुडघे वाकवून बेडकासारखी किक. तळापासून एक मीटरची उंची सोडू नका. तोल गेलाच तर मेलेल्या खडकावर एक बोट टेकवा, प्रवाळावर नाही. पिवळसर-तपकिरी, टोकं पांढरी असलेला फायर कोरल दिसला तर तोही नाही. त्याचा चटका दोन दिवस आठवण करून देतो.

एका ठिकाणी थांबायला शिका. श्वास हळू झाला की कानाला कुडुम-कुडुम आवाज येतो. पॅरटफिश चोचीने खडक खरवडत असतात. तोच खडक पोटात दळून ते मागून वाळूची पिचकारी सोडतात. पंखासारख्या सी-फॅनवर नखाएवढी, ठिपक्यांची फ्लेमिंगो टंग गोगलगाय शोधा. गोल प्रवाळावर रंगीत पिसांच्या जोड्या दिसतील. त्या ख्रिसमस ट्री किड्यांच्या. सावली पडली की झटकन आत. कासव दिसलं तर पाठलाग करू नका. बाजूला स्थिर राहिलात तर ते आपणहून जवळून जातं.

खोटी अपेक्षाही नको. कॅरिबियन रीफ आज आजारी आहे. 1983-84 मध्ये काळे काटेरी सी अर्चिन साथीने मेले, शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही. हिंद-प्रशांत महासागरातून आलेला, इथल्या लहान माशांवर ताव मारणारा लायनफिश 2009 मध्ये बोनेअरला पोचला. 2023 मध्ये प्रवाळाच्या ऊती गळून पडणारा रोग आला, आणि त्याच वर्षी गरम पाण्याने प्रवाळ पांढरं पडलं. ब्रेन कोरलवर पांढऱ्या चट्ट्यांचा डाग पसरताना दिसेल तो तोच रोग. म्हणून सामान जंतुनाशक द्रावणात बुडवायला सांगतात तेव्हा टाळाटाळ करू नका. आधी दुसऱ्या बेटावर वापरलेलं सामान तर पहिल्या डाइव्हच्या आधीच बुडवा. पाण्यात नळ्यांच्या झाडांवर टांगलेले हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळाचे तुकडे दिसले तर ती रोपवाटिका आहे. लांबून बघा.

एक रात्र

पाचव्या-सहाव्या दिवशी, दिवसा अनेकदा केलेल्या जागीच, गाइडबरोबर रात्रीची डाइव्ह करा. प्रत्येकाकडे दोन टॉर्च. माणसाएवढे टारपन मासे तुमच्या उजेडाचा वापर करून शिकार करतात. खांद्यावरून चंदेरी भिंत सरकली की दचकायला होतं. ज्या लहान माशावर तुम्ही उजेड रोखता तो त्यांच्या तोंडी जातो, तेव्हा टॉर्च एका जागी धरू नका.

तारखा जुळत असतील तर पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांनी, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आत पाण्यात असा आणि टॉर्च विझवा. ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव जोडीदाराला बोलवायला निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडतात. पाच मीटर पाण्यातही दिसतात.

कान, थकवा आणि परतीचं विमान

कानाचा दाब दुखायच्या आधीपासून, दर अर्ध्या-एक मीटरला सोडत जा. दुखलं तर वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरी जमलं नाही तर ती डाइव्ह रद्द. सर्दीत डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन गेलात आणि खाली तिचा असर उतरला तर वर येताना कान अडकतो.

आठवड्यात एक पूर्ण दिवस पाण्याबाहेर ठेवा. दक्षिणेला मिठागरांपाशी फ्लेमिंगो बघा, आणि 1850 मध्ये बांधलेली गुलामांची खोपटी. दारातून आत जायला वाकावं लागतं. तिथे मीठ उपसणाऱ्या माणसांना 1863 मध्ये गुलामीतून सुटका मिळाली.

सांध्यात दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, न कळणारा थकवा, यांपैकी काही डाइव्हनंतर जाणवलं तर तो अंगात साठलेल्या नायट्रोजनचा त्रास असू शकतो, ‘झोपलो की बरं वाटेल’ म्हणू नका. ऑक्सिजन घ्या, दुकानाला कळवा, रुग्णालय गाठा. दुकानाचा आणि रुग्णालयाचा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जायला हवेत. मी पूर्ण 24 धरतो. विमान शनिवारी दुपारी असेल तर शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळची. ती संपली की सामान आधी जंतुनाशकात, मग गोड्या पाण्यात. रेग्युलेटरच्या तोंडाचं झाकण लावायला विसरू नका. बीसीडीत पाणी घालून हलवून ओता, आतलं मीठ निघतं. वेटसूट सावलीत वाळवा, बूट उन्हात. ओला वेटसूट बॅगेत कोंबलात तर दोन किलोंचं जादा वजन विमान कंपनी तुमच्याकडून वसूल करेल.